जाईबाईची फर्माईश

कॉम्प्युटरला जाग येते तेव्हा त्याला काहीएक ठाऊक नसतं. आपल्याला पडदा आहे, कळा आहेत, पोटात गरगरणारी डिस्क आहे, यातलं काही त्याच्या गावीही नसतं. मग कुणीतरी लिहून ठेवलेली पहिली ओळ तो वाचतो आणि तिथून त्याचा दिवस सुरू होतो. ही पहिली ओळ आपण लिहायची, अशी खुळी इच्छा तेजश्री रणपिसेच्या डोक्यात शिरली ती दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या सिद्दीक सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये.

तिथं ती शिकवायला होती. शिकवायची काय, तर माउस धरायला. ग्रामपंचायतीचे कारकून, डी.एड.च्या मुली, रांजणगावच्या कारखान्यांत सुपरवायझर व्हायची आस धरून बसलेले ऑपरेटर, सगळे तिच्यासमोर बसून माउस टेबलाच्या कडेपर्यंत ओढत न्यायचे आणि "मॅडम, बाण पुढं जात न्हाई" म्हणायचे. तेजश्री माउस उचलून मधोमध आणून ठेवायची. दिवसभर हेच. माणसाचा जीव विटणार नाही तर काय होईल.

त्यातच एका मासिकाबरोबर एक सीडी फुकट आली. तीत नाना खेळ होते, पडद्यावर पोहणारे मासे होते, आणि एका कोपऱ्यात कुणा परदेशी विद्यार्थ्यानं हौसेखातर लिहिलेली इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तयार चालणारी नव्हे, तिचा सोर्स. म्हणजे माणसानं लिहिलेला, माणसाला वाचता येईल असा मजकूर. तो कंपायलर नावाच्या प्रोग्रॅममधून काढायचा, की त्याचे यंत्राला कळणारे आकडे होतात. ते आकडे फ्लॉपीवर उतरवायचे आणि फ्लॉपी घालून मशीन चालू करायचं. तेजश्रीनं सहज म्हणून तो मजकूर उघडला आणि ती त्यात पार बुडाली. तिथं विंडोजच्या खिडक्या नव्हत्या, कचऱ्याची टोपली नव्हती, काहीच नव्हतं. नुसतं मोकळं रान. सांगाल तेवढंच होणार, न सांगाल ते होणार नाही. क्लासात कुणी माउस ओढत बसलेलं असताना तिला मधूनच ते रान दिसायचं. त्यात ती एकटीच चालत असायची, आणि मागं वळून पाहिलं तर पावलं उमटायच्या ऐवजी ओळी उमटलेल्या असायच्या.

सिद्दीक सर हा भला माणूस. त्यांनी तिचं खूळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, विंडोज हाय की आपल्याकडं. सीडी घातली की झालं."

"ते दुसऱ्याचं आहे, सर."

"मंग? ही बिल्डिंग बी दुसऱ्याचीच हाय. आपन बसतोच की न्हाई हितं?"

पण बोलून झाल्यावर त्यांनी क्लासची किल्ली तिच्यापुढं सरकवली. शुक्रवारी दुपारी सर नमाजला जायचे, क्लास बंद असायचा. तेवढा वेळ सगळ्या मशिनी तिच्या. बाहेर नगरच्या गाड्यांचे हॉर्न, आत पंख्याची घरघर, आणि पडद्यावर तिच्या ओळी. कंपाइल करावं, चुका निघाव्यात, दुरुस्त कराव्यात, पुन्हा करावं. घटकाभर स्वतःचं नावही आठवू नये असा तो वेळ जायचा.

ती आणि तिची आई जाईबाई, दोघी एसटी डेपोच्या मागच्या आळीत एका खोलीत राहायच्या. वडील, ज्ञानदेव रणपिसे, दौंड जंक्शनला पॉइंट्समन होते. दिवसा गाड्यांना रूळ बदलून द्यायचे आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत पुढं बसून गायचे. आवाज असा की मालगाडी शिट्टी देत निघाली तरी शब्द ऐकू यावा. दोन वर्षांपूर्वी ते गेले. क्वार्टर सोडावं लागलं, तेजश्रीला शिरूरला नोकरी होती म्हणून मायलेकी इकडं आल्या.

त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. एका चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची, ढोलकीवाल्या नागसेन मामांनी टेपवर भरून ठेवलेली. तेजश्रीनं ती मागून आणली, टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि अख्खी कॅसेट डिस्कवर घेतली. पुण्याहून आणलेलं वापरलेलं मशीन होतं ते, घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू. मग तिनं ते साफ केलं. माइकचं केकाटणं कापलं, खोकला कापला, मधलं बोलणं, चिठ्ठ्या वाचणं, पाणी मागणं, सगळं कापून डिलीट केलं. राहिली ती स्वच्छ गाणी, प्रत्येक वेगळी, नाव दिलेली. आपण काय छान काम केलं म्हणून ती स्वतःवरच खूश होती. कॅसेट परत देताना तिनं नागसेन मामांना सांगितलं, "मामा, आता काळजी नाही. कायमचं झालं."

रोज संध्याकाळी जाईबाई हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि नवऱ्याची गाणी ऐकायची. गाणी संपली तरी घटकाभर तशीच बसून राहायची. तेजश्रीला वाटायचं, आठवणी येत असतील.

बुद्धपौर्णिमेला क्लासला सुट्टी होती. जाईबाईनं वाटायला खिरीचं मोठं पातेलं चढवलं होतं. तेजश्री आपली फ्लॉपी घेऊन घरच्या मशीनसमोर बसली. तिच्या सिस्टिमला आता एक गोष्ट यायची: जागं व्हायचं आणि "जय भीम" म्हणायचं. यंत्राला मराठी अक्षरं ठाऊक नसतात, म्हणून तिनं ती ठिपक्या-ठिपक्यांनी काढली होती. पांढरी अक्षरं पडद्यावर आली तेव्हा जाईबाई पळी हातात घेऊन पाहायला आली.

"म्हंजी हे त्येनं आपल्या आपन म्हटलं?"

"मी शिकवलं."

"निळं असतं तर ब्येस दिसलं असतं," म्हणून जाईबाई खिरीकडं गेली.

तेजश्रीनं रंग बदलला, पुन्हा कंपाइल केलं. आकडे फ्लॉपीवर उतरवायला एक छोटा प्रोग्रॅम असायचा. त्याला काय उतरवायचं आणि कुठं, एवढं सांगायचं, फ्लॉपीवर की हार्डडिस्कवर. हा प्रोग्रॅम उलटून विचारत नाही की दटावत नाही. तेवढ्यात खीर लागल्याचा वास आला, जाईबाई ओरडली, "तेजे, पातेलं धर गं!" आणि तेजश्रीनं घाईत काय दाबलं ते तिचं तिला कळलं नाही. पातेलं उतरवून ती परत आली, मशीन बंद करून चालू केलं. पडद्यावर निळं, झळझळीत "जय भीम" उमटलं. ती खुशीत हसली. मग तिचं लक्ष टेबलाकडं गेलं. फ्लॉपी तिथं पडलेली होती.

फ्लॉपी मशीनच्या बाहेर होती आणि तरी मशीन "जय भीम" म्हणत होतं. हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर, जिथं डिस्कची वाटणी कशी आहे ते लिहिलेलं असतं, तिथं आता तिची सिस्टिम जाऊन बसली होती. विंडोज गेलं. गाणी गेली. तिनं पुन्हा पुन्हा मशीन चालू करून पाहिलं. ते बिचारं दर वेळी तितक्याच आनंदानं नमस्कार करत होतं.

तिनं आईला लगेच सांगितलं. लपवण्याचा स्वभावच नव्हता तिचा. जाईबाईनं ऐकून घेतलं, पदरानं पातेल्याच्या कडा पुसल्या.

"म्हंजी आवाज न्हाई ऱ्हायला?"

"आवाज तिथंच आहे, आई. कुठं आहे ते मशीनला सांगता येईना झालंय."

"माझ्यासारखंच झालं की," जाईबाई म्हणाली, आणि खीर वाटायला निघून गेली. तेजश्री भिंतीला टेकून रडली.

कॅसेट आहे, पुन्हा भरून घेऊ, असं सगळेच म्हणाले. रविवारी दोघी न्हावऱ्यावरून दौंडला गेल्या. नागसेन मामा रेल्वेतून रिटायर होऊन लायनीच्या पलीकडं राहत होते. म्हाताऱ्यानं प्रेमानं चहा ठेवला, कॅसेट काढून दिली, टेपही लावला. आतून पोरांचा कोरस निघाला, कीबोर्ड, टाळ्या, शिट्ट्या.

"हे कुठलं, मामा?"

मामांचा चेहरा एकदम उतरला. "आगं, यंदाच्या जयंतीला पोरं म्हनली, मामा, कॅसेट द्या, आमची गानी भरायचीत. मी म्हनलं, घ्या. तुझ्याकडं पक्कं झालंय म्हनून... तूच म्हनली व्हतीस की कायमचं झालं."

"हो मामा. मीच म्हणाले होते."

मामांनी कॅसेट उलटी करून लावली. तिकडंही तेच. मग ते टेपवर हात ठेवून बसले. बाहेरून एक गाडी गेली आणि कपबशा किणकिणल्या.

परतीच्या एसटीत जाईबाई खिडकीशी बसली होती. ऊस मागं पळत होता. न्हावरं गेल्यावर ती खिडकीकडं तोंड करूनच बोलायला लागली.

"तू लई मनाला लावून घेऊ नगंस. माझं त्यात न्हाई तरी काय व्हतं?"

"म्हणजे?"

"मी जे ऐकाया बसायची ते तू आधीच काढलं व्हतंस."

तेजश्रीला काही कळेना. जाईबाई हळूहळू, लाजत, सांगत गेली. घरात नवऱ्यानं तिला कधी नावानं हाक मारली नाही. "ऐकलं का", नाहीतर नुसतं "ए". लेक झाल्यावर "तेजीची आई". त्या काळी कुणीच बायकोचं नाव घ्यायचं नाही, त्यात नवल ते काय. पण त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात लोक गाण्यांच्या चिठ्ठ्या स्टेजवर पाठवत होते आणि ज्ञानदेव त्या नावासकट वाचून दाखवत होते. अमक्यांची फर्माईश, तमक्यांची फर्माईश. बायकांत बसलेल्या जाईबाईच्या मनात काय आलं कोण जाणे. शेजारच्या धुरपदाच्या पोरीकडून तिनं चिठ्ठी लिहून घेतली, खाली स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं, आणि दिली पाठवून.

"आणि वाचली त्यांनी?"

"वाचली की. समद्या वस्तीपुढं, माइकवर." जाईबाईनं पदर तोंडाला लावला. "तेवढं एकदाच. कॅसेटमधी हाय, म्हनून मी वाट बघायची. गानं संपलं की आता यील, आता यील. पर तू चिठ्ठ्या काढून टाकल्या व्हत्यास."

"आई, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू म्हनलीस साफ केलंय. आन् हे काय लेकीला सांगायचं असतंय व्हय?"

तेजश्रीला भरून आलं. आपल्या हातानं, कात्री लावल्यासारखं, आईचं नाव आपण कापून फेकून दिलं, आणि वर कौतुक करून घेतलं. ती आईचा हात घट्ट धरून बसली. शिरूर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

सिद्दीक सरांनी पुण्यात चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, डिस्क पाठवा, नावानिशी होतं ते बहुतेक काढून देऊ. म्हणजे गाणी परत आली असती. पण तेजश्रीला आता हवं होतं ते डिलीट केलेलं, ज्याला नावच उरलं नव्हतं. डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नाही. विंडोज त्या जागेवरची फक्त पाटी काढतं आणि ती जागा रिकामी समजून पुढं-मागं तिथं दुसरं काही आणून ठेवतं. आणून ठेवलं असेल तर खालचं कायमचं गेलं, नसेल तर आवाज अजून तसाच पडून आहे. कुठं, ते कुणालाच माहीत नाही.

आणि इथं तिला आपल्या सिस्टिमची आठवण झाली. तिला फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. नाव असलेलं आणि नसलेलं, ठेवलेलं आणि टाकलेलं, तिच्या लेखी सगळं सारखं. तिला सांगायचं: डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जे काही आहे ते ओळीनं उचल आणि स्पीकरमधून वाजव. चित्र असो, पत्र असो, गाणं असो, वाजव. शिवाय तिला डिस्कवर लिहिताच यायचं नाही, म्हणजे काही बिघडवायची भीती नाही.

म्हणायला सोपं. साउंड कार्डाला बोलतं करताना तिच्या नाकी नऊ आले. त्या परदेशी विद्यार्थ्याच्या सोर्समध्ये आवाजाचा भाग अर्धवट सोडलेला होता, त्याला बहुधा परीक्षा आली असावी. तेजश्रीनं सायबर कॅफेतून पानंच्या पानं छापून आणली, कित्येक शुक्रवार घातले. एका शुक्रवारी तिनं क्लासच्या मशीनमध्ये सिद्दीक सरांचं "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" भरून ठेवलं होतं, ते आपल्या सिस्टिमकडून वाजवून पाहिलं. स्पीकरमधून एक खोल, जड, झोपेतून उठवल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात सर टोपी घडी करत दारात उभे.

"हा कोन म्हातारा बोलतोय?"

"तुम्हीच आहात, सर."

"या अल्ला! मी असा बोलतो?"

वेग चुकला होता, आकडे सावकाश जात होते. तिनं सिस्टिमचं घड्याळ तासून तासून जागेवर आणलं, तेव्हा कुठं म्हातारा तरुण होत होत सिद्दीक सर झाला. सरांनी स्वतःच्या खर्चानं चहा मागवला.

मग ती फ्लॉपी घरी आली आणि घरातली डिस्क वाजू लागली.

ते दिवस तेजश्रीला पुढं नीट आठवायचेच नाहीत, एकच लांबलेली दुपार आठवायची. डिस्क मोठी होती, आवाज आपल्या चालीनंच ऐकायचा, घाई करून भागणार नव्हतं. तेजश्री क्लासला गेली की जाईबाई मशीनशी बसायची. शेंगा सोलायची, तांदूळ निवडायची आणि ऐकायची. पडद्याच्या कोपऱ्यात कुठवर आलो त्याचा आकडा पळत असायचा. वीज जायच्या वेळा ठरलेल्या असायच्या. त्याआधी जाईबाई मशीन थांबवून तो आकडा खडूनं दारामागं लिहून ठेवायची आणि वीज आली की तिथून पुढं.

विंडोजचे प्रोग्रॅम पत्र्यावर वाळू ओतल्यासारखे वाजायचे. चित्रं तडतडायची. मध्येच रिकामी जागा यायची आणि खोलीत शांतता पसरायची, मग डेपोतून "पुणे, पुणे, विनाथांबा" ऐकू यायचं आणि दोघींना क्षणभर वाटायचं, हेही डिस्कमधूनच येतंय. जाईबाईला सगळे आवाज ओळखू यायला लागले. तेजश्री दारात चपला काढत असतानाच ती सांगायची, "आज दुपारधरनं चित्रंच लागल्यात बग," जणू रेडिओच ऐकत होती. ऐकता ऐकता तिला डुलकी लागायची आणि झोपेतही तिचा कान जागा असायचा. पूर्वी दौंडच्या क्वार्टरमध्ये तिला अशीच झोप असायची, गाड्या जात राहायच्या, नवरा आला की मात्र दार वाजायच्या आधी डोळा उघडायचा. तेजश्रीही शेजारी पडून राहायची. त्या खरखरीत तिला कधी नदीचं पाणी ऐकू यायचं, कधी पुष्कळ माणसं दूर कुठंतरी एकदम बोलत असल्यासारखं वाटायचं.

गाणी सापडली. एकामागून एक, जशीच्या तशी. पहिलं गाणं खरखरीतून वर आलं तेव्हा तेजश्री हुंदके देत आईच्या मांडीवर पडली. जाईबाईनं तिच्या डोक्यावर हात फिरवला, गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चला, पुढं."

त्यानंतर खूप दिवस काही आलं नाही. तेजश्रीचा जीव टांगणीला लागला. मग एकदा खोकला आला. माइकचं केकाटणं आलं. "वेशीकडच्या मित्रमंडळाची फर्माईश आहे" एवढं आलं आणि पुढं वाळू. पुन्हा थोडं बोलणं, "पाणी दे रे जरा," पुन्हा वाळू. तेजश्रीनं ओळखलं. ती मासिकाची सीडी आल्यावर तिनं पडद्यावर पोहणारे मासे मोठ्या हौसेनं आपल्या मशीनवर आणून ठेवले होते. ते नेमके इथंच, वडिलांच्या बोलण्यावर येऊन बसले होते. वाक्यं अर्धी-अर्धी खाऊन टाकलेली. तिनं आईकडं पाहिलं नाही. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

"आई, बहुतेक गेलंय ते."

"वाजतंय न्हवं अजून? वाजू दे."

श्रावणातली ढगाळ संध्याकाळ होती. तेजश्री आतल्या कोपऱ्यात भाकऱ्या थापत होती, जाईबाई मशीनसमोर घेवडा मोडत बसली होती. वाळूचा आवाज थांबला आणि पेटीचा एक सूर लांबत येऊन बंद झाला. लोकांची कुजबुज. कुणाचं तरी लहान पोर रडत होतं. मग ज्ञानदेव रणपिसे, अगदी जवळून:

"नागसेन, थांब जरा. चिठ्ठी आलीय."

तेजश्रीचे हात पिठात तसेच राहिले. स्पीकरमधून कागद उलगडल्याचा आवाज आला.

"फर्माईश आहे... फर्माईश आहे आपल्या..."

आणि ते थांबले. नुसती सुरसुर. तेजश्रीला वाटलं, खाल्लं, माशांनी हेही खाल्लं. ती उठून मशीनकडं धावली. पण वाळू आली नाही. पोर रडतच होतं. लोक कुजबुजतच होते. टेप चालू होती, जागा शाबूत होती. चिठ्ठी हातात धरून तो माणूसच बोलायचा थांबला होता. नाव त्यानं वाचलं होतं आणि ते तोंडातून कसं काढावं हे त्याला सुचत नव्हतं. कुणीतरी, बहुधा नागसेन मामा, हळूच हसलं. ढोलकीवर एक थाप पडली.

तेजश्रीनं आईकडं पाहिलं. जाईबाईच्या मांडीवरून घेवड्याच्या शेंगा खाली ओघळल्या होत्या.

खाकरल्याचा आवाज आला. आणि मग सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा, मालगाडीलाही न जुमानणाऱ्या आवाजात ज्ञानदेव म्हणाले:

"जाईबाई!"

"ओ," जाईबाई म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.